उजव्या पायाची तपासणी

मालवण
५ मार्च २०२५, राखेचा बुधवार

जॉयसी,

अक्षर ओळखलं असशीलच. फाडण्याआधी एवढं वाच की मी मागचं काही उकरायला लिहीत नाहीये. तू तुझ्या फोनवर माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, हे तुझ्याच लेकीने, ग्लेनिशाने, नाताळात मला सांगितलं. मालवणहून रेडीला पत्राने बोलावं लागतं आहे, तर तसं.

काम मुठेलाचं आहे.

आमच्याकडे नवे फादर आले आहेत, मेल्रॉय नावाचे. चाळिशीही गाठलेली नाही. आज कपाळाला राख लावून झाल्यावर त्यांनी पवित्र गुरुवारी येशूच्या शिष्यांसारखे ज्यांचे पाय धुवायचे त्या बारा जणांची नावं वाचली. यंदा आपल्या पॅरिशमध्ये पहिल्यांदाच बायका आहेत. नऊ पुरुष, तीन बायका, आणि त्या तिघींत मी. मला विचारलं नाही. वेदीवरून वाचलं की माणूस नाही म्हणू शकत नाही, हे या पोरसवदा फादरांना चांगलं ठाऊक आहे.

आता माझे पाय. टाचांना इतक्या भेगा आहेत की चादरीचे धागे अडकतात. दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी हाड बाहेर आलंय, त्यामुळे अंगठा आत वळून शेजारच्या बोटाखाली शिरलाय. एक नख पिवळं आणि जाड, कातरीला दाद देत नाही. उजव्या करंगळीखाली कुरूप. अडतीस वर्षं दर सोमवारी प्रार्थनेनंतर मी मुलांचे बूट, मोजे आणि नखं तपासली. तीच मुलं आता मुलाबाळांना घेऊन पहिल्या बाकांवर बसतात. त्यांच्यासमोर हे पाय बाहेर काढायचे?

दोष कॉन्व्हेंटच्या त्या काळ्या निमुळत्या बुटांचा आहे, हे मी आजही सिस्टरांच्या तोंडावर सांगेन. पप्पा दोन नंबर मोठे घ्यायचे आणि पुढे कापूस कोंबायचे. पहिल्या वर्षी मी त्यात पोहायची, तिसऱ्या वर्षी बोटं दुमडून चालायची, आणि मग ते तुला मिळायचे. तुझ्यापर्यंत येईतो त्यांना माझ्या हाडांचा आकार आलेला असायचा.

तर मुठेल. बाजारात कोकमाचं तेल म्हणून जे मिळतं त्याला वास मेणबत्तीचा येतो. मांयच्या हातचं, कोकमाच्या बियांचं मुठेल लावलं की टाच चार दिवसांत मऊ पडायची. ते करायला तिने तुला शिकवलं, मला नाही. हेही मी उकरत नाहीये. पाठव, नाहीतर निदान कृती लिहून पाठव.

डोरथी

*

मालवण
१५ मार्च

जॉयसी,

पुडकं मिळालं. वर्तमानपत्र उलटं करून झटकलं, घडी न् घडी उलगडली. चिठ्ठी नाही. एक ओळ लिहायला काय झालं होतं?

मुठेल मात्र उत्तम आहे. गोळ्यावर मुठीचा ठसा आहे, चार बोटांचा, आणि त्यात तुझी वाकडी करंगळीही दिसते. मी वरच्या टोकापासून वापरते आहे, ठशाच्या बाजूने नाही. त्याला काही विशेष कारण नाही.

इकडे बाराही जणांनी पायांचा धसका घेतला आहे. एसटीतून निवृत्त झालेला रोनाल्ड माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणार. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत मार्चमध्येसुद्धा चिखल्या आहेत. का नसतील? आंघोळ झाली की ओल्या पायांवर मोजे चढवतो, वर दिवसभर बंद बूट. मी त्याला गेटवरच उभं करून सांगितलं की बाबा रे, बेचक्या पंच्याने टिपून कोरड्या कर, मोजे रोज बदल आणि मलम दे म्हणून डॉक्टरकडे जा. तो म्हणाला, "टीचर, माझ्या बायकोने चाळीस वर्षांत माझे पाय एवढे बघितले नाहीत." फक्त स्टॅनली निवांत आहे. जन्मभर किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढलेला माणूस, पाय कसे रुंद, बोटं पंख्यासारखी सुटी. त्याला तयारीचं विचारलं तर म्हणाला, "माझे पाय दर्यो रोज धुता. फादराक माझा काम कमी."

माझंही काम चाललं आहे. सकाळी गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवते, मग दगडाने घासते, मग टाचेला मुठेल. कुरुपावर मेडिकलमधून आणलेल्या औषधी पट्ट्या चिकटवते. पट्टी कातडी मऊ करते, वरचा थर निघतो, पुन्हा नवी पट्टी. जरासुद्धा दुखत नाही, म्हणजे काम चांगलंच होत असणार. माझ्याकडे कामाला येणारी तुळसा त्या पाण्यात बोट घालून ओरडली की टीचर, चटको बसलो. मला ते कोमटच लागत होतं. दिवसभर भांडी घासणाऱ्या बाईचे हात इतके नाजूक कसे, कोण जाणे.

साखर थोडी आहे, असं डॉक्टर म्हणतात. पाच-सहा वर्षं झाली. गोळी घेते. तुला सांगायचं काही कारण नव्हतं, ओघात आलं म्हणून लिहिलं.

डोरथी

*

मालवण
२९ मार्च

जॉयसी,

हे पत्र मी पलंगावर बसून लिहिते आहे, उजवा पाय उशीवर ठेवून. घाबरू नकोस. घाबरली नसशीलच म्हणा.

सोमवारी तुळसा लादी पुसत होती. मध्येच थांबली आणि हाक मारली. "टीचर, ह्या रगात खंयचा?" स्वयंपाकघरापासून माझ्या खुर्चीपर्यंत लादीवर लालसर ठिपके होते, वीतवीत अंतरावर. मी म्हटलं, मासळीची पिशवी गळली असेल. ती म्हणाली, मासळी आज आणलीच खंय? मग मांजराला दोष दिला. मांजर तेव्हा कपाटावर कोरडं ठाक झोपलं होतं. तुळसा त्या ठिपक्यांमागून माझ्या खुर्चीपर्यंत आली, खाली बसली आणि न विचारता माझा पाय उचलून मांडीवर घेतला. तळवा उजेडाकडे वळवला. मग हळू आवाजात म्हणाली, "टीचर, तुमका दुखत नाय?"

मला दुखत नव्हतं.

पट्टीतल्या औषधाने कुरुपाबरोबर आजूबाजूचं चांगलं मांसही खाल्लं होतं. करंगळीखाली वाटाण्याएवढं भोक पडलं होतं आणि मी त्यावर चार-पाच दिवस चालत होते. बाजारात गेले, चर्चला गेले, रोनाल्डला पुन्हा पायांवर व्याख्यान दिलं.

तुळसाने रिक्षा आणली आणि मला कणकवलीला नेलं. तिथल्या डॉ. अनुजा पायांच्याच जखमा बघतात, तिशीची मुलगी आहे. तिने मला आडवं केलं, हातात गळाच्या दोरीसारखा एक आखूड धागा घेतला आणि म्हणाली, डोळे मिटा, तळव्याला हा लागला की हो म्हणा. मी डोळे मिटले. थोडं थांबून म्हटलं, हो. पुन्हा थोडं थांबून, हो. परीक्षा कशी द्यायची हे काय मला शिकवायचं? पाच वेळा व्यवस्थित अंतर ठेवून हो म्हटलं.

ती म्हणाली, "टीचर, मी अजून सुरुवात केलेली नाही. पेन शोधत होते."

अडतीस वर्षांत मी कॉपी करणारी किती मुलं पकडली असतील. माझी पहिल्या मिनिटाला पकडली गेली, तीही तुळसासमोर. मग खरी परीक्षा झाली. प्रत्येक पायाला दहा जागी धागा लावला. उजव्या पायाला मला तीन कळले, डाव्याला पाच.

साखरेने पायाच्या नसा हळूहळू मुक्या होतात, असं ती म्हणाली. खडा टोचतो, पाणी भाजतं, चप्पल चावते, पण पायाकडून निरोप वर पोचत नाही. मग तिने मला नियम सांगितले आणि मी ते पाचवीतल्या मुलीसारखे वहीत उतरवले. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून बघायचं. पाणी आधी कोपराने किंवा दुसऱ्या माणसाच्या हाताने तपासायचं. कुरुपाला पट्टी नाही, ब्लेड नाही. मुठेल टाचेला चालेल, बोटांच्या मध्ये आणि जखमेवर नाही. आणि दोन्ही तळवे रोज डोळ्यांनी बघायचे, कारण दुखेल तेव्हा बघू म्हणणाऱ्याला ते दुखणारच नाही.

आता तीन आठवडे या पायावर भार टाकायचा नाही आणि एक दिवसाआड ड्रेसिंग. जखम हाडापर्यंत गेली असेल तर करंगळी काढावी लागेल. करंगळीवर थांबेल ना, असं मी विचारलं. तिने खोटं उत्तर दिलं नाही, म्हणून मला ती आवडली. म्हणाली, वेळेत आला आहात, थांबवायचा पूर्ण प्रयत्न करू.

परतीच्या रिक्षात मी पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत बसले होते. कशाचा विचार करत होते ते तुला माहीत आहे. आज मला ते लिहवत नाही.

डोरथी

*

मालवण
९ एप्रिल

जॉयसी,

आधी बातमी. हाड स्वच्छ आहे. जखम कडेने भरत येते आहे. डॉ. अनुजा म्हणते, अशीच शिस्त ठेवली तर करंगळी वाचेल. शिस्तीबद्दल मला कुणी सांगावं!

फादर मेल्रॉय भेटायला आले होते. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, माझं नाव कापा, ही पट्टी बांधलेली तंगडी मी वेदीसमोर घेऊन येणार नाही. ते खुर्ची ओढून बसले, तुळसाचा चहा प्यायले आणि म्हणाले, "टीचर, लोक आठ दिवस घासून पाय आणतात. मला धुवायला काही उरतच नाही. यंदा एक तरी खरा पाय येऊ दे की." मी म्हटलं, जखमेला पाणी लागता कामा नये. ते म्हणाले, मग डावा द्या, देवाला दोन्ही सारखे. या माणसाला वादात हरवणं कठीण आहे. मी विचार करते म्हटलं.

आता दुसरी गोष्ट. उकरणार नाही असं पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, पण उकरल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी मांयच्या मातीला, तुझ्या ओसरीवर, हातात चहाचे कप धरून उभ्या असलेल्या सगळ्या माणसांसमोर मी तुला म्हटलं होतं, "आठ दिवस तिच्या पायात भोक होतं आणि तुला दिसलं नाही? त्या पायानेच ती गेली, आणि तो तुझ्या घरात गेला." तू ट्रे खाली ठेवलास आणि आत गेलीस. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस. गुडघ्याखालून पाय कापल्यावर वर्षभर तिचं सगळं तू केलंस, हे त्या दिवशी कुणीच म्हटलं नाही. मीही नाही.

आता जे तेव्हा सांगितलं नाही ते. पाय कापायच्या आधी, तुझे ते आठ दिवस सुरू व्हायच्या आधी, मांय तीन दिवस माझ्याकडे होती, चर्चच्या फेस्ताला. दर्यावरच्या खुरसापर्यंत ती क्रुसाच्या मिरवणुकीत अनवाणी चालली, तिचा नवसच होता तसा. मंगळवारी सकाळी तिला एसटीत बसवण्याआधी मी तिच्या पायांत स्वच्छ पांढरे मोजे चढवले, थंडी होती म्हणून. आदल्या दिवशीचे मोजे काढले तेव्हा उजव्याच्या तळाला तपकिरी डाग होता, चिंचोक्याएवढा. मी म्हटलं, लाल माती. साबण लावला, चोळला आणि दोरीवर वाळत घातला. तिचा तळवा उलटून बघितला नाही. चारशे मुलांचे मोजे तपासणारी बाई मी.

तुझे ते आठ दिवस माझ्या त्या सकाळपासून सुरू होतात. तुझ्या ओसरीवर मी ओरडले, कारण मला तो मोजा आठवत होता आणि दुसऱ्या कुणाला तो आठवण्याआधी कुणाला तरी दोषी ठरवायचं होतं.

आणि आता मला हेही कळलं आहे की तिच्या साखरेमुळे तिला दुखतच नव्हतं. ती काय सांगणार होती तुला? माझ्या स्वतःच्या पायातलं भोक मला कळलं नाही, आणि मांयच्या पायातलं तुला का दिसलं नाही म्हणून मी अकरा वर्षं तुला नापास करून बसले होते.

चूक माझी होती. लाल शाईने लिहायला हवं, पण घरात लाल पेन नाही. तुळसा आणणार आहे.

उत्तर नको. वाचलंस तरी पुरे.

डोरथी

*

मालवण
१५ एप्रिल

जॉयसी,

आरसा मिळाला. मांयचा हाताचा गोल आरसा मी लगेच ओळखला, पण त्याला बांधलेली ही हातभर लांब वेताची काठी मी कधी पाहिली नव्हती. तुळसाने हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाली, "ह्यो पाय बघूक केल्लो आसा." मग मला कळलं. म्हातारीला वाकायला लागू नये म्हणून. राहिलेला एक पाय तू वर्षभर रोज याच्यात बघत होतीस. काठीचा दोरा एका जागी झिजून काळा पडला आहे, तिथेच माझी मूठ बसते.

पुन्हा चिठ्ठी नाही. या वेळी मी तक्रार करत नाही.

डोरथी

*

मालवण
२१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

जॉयसी,

गेले मी. डावा पाय दिला.

वेदीसमोर बारा खुर्च्या, मी रोनाल्ड आणि स्टॅनलीच्या मध्ये. उजवा पाय पट्टीसकट छोट्या स्टुलावर, सगळ्या पॅरिशला दिसेल असा. रोनाल्डच्या चिखल्या गेल्या आहेत, त्याने मला बेचक्या उघडून दाखवल्या, प्रभुभोजनाच्या मिस्सेच्या मध्यात. फादर माझ्यापुढे गुडघ्यावर बसले. पाणी घालण्याआधी त्यांनी तांब्यात बोट बुडवून बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "कोमट आसा, टीचर. मी बघितलंय." जॉयसी, मी तुला लिहिलं नसतं, पण रडले थोडी. रोनाल्डने आपला पंचा पुढे केला, तो मी घेतला नाही, कारण त्याने कशाला वापरला होता ते मला माहीत होतं.

मिस्सा संपल्यावर गंमत झाली. फाटकाशी तीन बायकांनी मला अडवलं. एकीला टाचांचं विचारायचं होतं, दुसरीला नवऱ्याच्या नखाचं. तिसरी काही न बोलता चप्पल काढून उभी राहिली, आणि ती माझीच आठवीची विद्यार्थिनी, जिला मी घाणेरड्या मोज्यांसाठी वर्गाबाहेर उभं केलं होतं. तिचे पाय आता सुंदर आहेत. तिला तसं सांगितलं.

तर आता सोमवारची तपासणी पुन्हा सुरू झाली आहे. आज पहिली. माझ्या ओसरीवर, दहा वाजता, मांयचा आरसा घेऊन. मी औषध देत नाही, फक्त बघते, ओरडते आणि ज्याला गरज आहे त्याला डॉक्टरकडे पाठवते. डॉ. अनुजाने तो धागा मला दिला आहे आणि कसा लावायचा ते शिकवलं आहे. स्टॅनली नको नको म्हणत आला. दर्याने धुतलेले ते पंख्यासारखे पाय, मी काय बघणार त्यांत? टाचेत माशाचा काटा मोडलेला होता, कातडीखाली काळा, कधीचा ते त्यालाही ठाऊक नाही. डोळे मिटायला सांगून धागा लावला तर त्याला निम्मे कळले नाहीत. कॉपीही करत होता. मी म्हटलं, स्टॅनली, मी अजून सुरुवात केलेली नाही. उद्या तो साखर तपासायला जाणार आहे. त्याची बायको सोबत जाईल, मी तिला बजावलं आहे.

माझी जखम भरली. नवी कातडी आली आहे, गुलाबी, बाळाच्या ओठासारखी. करंगळी जाग्यावर आहे. तुझ्यासारखी वाकडी नसली तरी मला ती आता फार आवडते.

आता काम. कुडाळला बाळा नावाचा चप्पल करणारा आहे, डॉ. अनुजाने त्याचं नाव सुचवलं. पुढून रुंद, आतून मऊ, मागे पट्टा, आणि अंगठ्याच्या हाडाला जागा सोडून तो चप्पल बनवतो. त्याला पाय कागदावर ठेवून काढलेली रेघ लागते. या पत्राबरोबर एक मोठा कागद जोडला आहे. त्याच्या एका बाजूला माझे दोन पाय आहेत, दुसरी बाजू कोरी आहे. त्यावर उभी राहा, संध्याकाळी, कारण तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात आणि माप खरं येतं. ग्लेनिशाला पेन्सिल धरायला सांग, आणि उभी धरायला सांग, तिरकी नको. शाळेत तुला माझे बूट घालावे लागले आणि तुझा अंगठा माझ्यामुळे वळला. ही चप्पल आधी कुणी घातलेली नसेल. तिच्या पुढे कापूस नसेल.

आणि एक. काल सकाळी पावणेआठला माझा फोन वाजला. मी मागच्या पडवीत होते, पाय टिपत होते, बेचक्या कोरड्या करत होते. धावले नाही, धावायला मला मनाई आहे. घरात पोचले तोवर बंद झाला होता. तुझं नाव होतं.

पुन्हा कर. या वेळी जरा जास्त वाजू दे. मला आधी चपलेत हात घालून बघावं लागतं, मग पाय, मग फोन. तेवढा वेळ थांब.

तुझी
डोरथी